दमल्यावर टेकायला जागा

माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आम्ही राहिलो चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावर करता येतील तेवढे विनोद करून झाले आहेत. नवा करायच्या भानगडीत कोणी पडू नये.

निवृत्त झाल्यावर त्यांना एक खूळ लागलं. माणसं उडू शकतील अशी जगं ते वहीत आखायला लागले. पाठीला पंख चिकटवले आणि निघाले, असला प्रकार त्यांना चालायचा नाही. "वजन कोण उचलणार?" हा पहिला प्रश्न आणि "मध्येच बंद पडलं तर?" हा दुसरा. लिफ्टवाल्याला तिसरा सुचत नाही. मग त्यांनी जमिनीची ओढ कमी केली, हवा दाट केली, माणसांच्या दंडांना रुंद पडदे बांधले. पहिल्या जगात माणसं झकास उडाली, पण त्या हवेत श्वास घेता येईना. दुसऱ्यात घरांना जिनेच नव्हते, तर आईने विचारलं, "आणि पाय मुरगळतो, तसा उडायचा हात मुरगळला तर?" बाबांनी ते जगच खोडलं.

चुका काढायचं खातं आईकडे होतं. तिचं हृदय अशक्त झालं होतं. "जिना एका दमात नाही, दर दहा पायऱ्यांनी बसायचं," असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि आमच्या जिन्यात बसायला काही नाही. पायरीवर बसलं की तिला उठता येत नसे. खुर्चीत बसवून उचलून नेऊ म्हटलं, तर म्हणाली, "मी कपाट नाही." अशी चौदा महिने ती खाली उतरली नव्हती. रस्त्यापलीकडे मावशीचं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचं, शिलाईचं दुकान. मावशीचे गुडघे गेलेले, तिला वर येणं अशक्य. दोघी एकमेकींना खिडकीतून हात करायच्या आणि फोनवर भांडायच्या.

पाचवं जग जमलं. आईनेही नाक मुरडलं नाही. पण बाबांनी दोन दिवस वहीला हात लावला नाही, म्हणून मी ती उघडली. शेवटच्या पानावर भलीमोठी आकडेमोड होती आणि खाली लिहिलं होतं, "हिला झेपणार नाही."

म्हणजे हा सगळा खटाटोप तिच्यासाठी चालला होता. मला भरून आलं, आणि रागही आला.

"बाबा, गोष्टच आहे ना? उडवा की तिला."

"खोटा आकडा घातला तर तिला लगेच कळेल," ते म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत तिने."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते खुशीत आले. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन असतं, ते खाली येतं तेव्हा लिफ्ट वर जाते. तसंच करायचं. दोर कप्पीवरून टाकायचा, एका टोकाला आई, दुसऱ्याला ते स्वतः. "मी उतरलो की तू वर. हातसुद्धा हलवायचा नाही."

आईने चित्र नीट पाहिलं. "म्हणजे मी वर असेन तेव्हा तुम्ही खाली?"

"हो."

"आणि मी खाली आले की तुम्ही वर. मग भेटायचं कधी?"

"मध्यावर," बाबा म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच ते पटेना.

"त्यापेक्षा वाटेत टेकायला काहीतरी ठेवा. थोडं उडेन, बसेन, परत उडेन. मला कुठे घाई आहे?"

बाबांनी वहीत टेकायला एक कठडा काढला, दुसरा काढला, आणि पेन्सिल थांबली. ते उठले, मोजपट्टी घेतली आणि जिन्यात गेले. चहा तसाच राहिला.

जुन्या लिफ्टमध्ये लिफ्टमनसाठी भिंतीला मिटणारी एक बैठक असायची. ओळखीच्या भंगारवाल्याकडून बाबांनी तशा सात आणल्या आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक बसवली, उंची आईच्या गुडघ्याच्या मापाने. प्रत्येकीवर आधी स्वतः बसून दणके देऊन पाहिले. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे सुचायला पाच जगं लागली, असं आई सगळ्यांना सांगत सुटली.

रविवारी सकाळी ती उतरली. सात वेळा बसली. खाली पोचायला पाऊण तास लागला. मावशी दुकानाच्या दारात, गळ्यात टेप, तशीच उभी होती. फोनवर इतकं भांडणाऱ्या त्या दोघी दुकानात शिरल्या. नुसत्या हात धरून बसून राहिल्या.

परत चढताना तिसऱ्या बैठकीवर आई जरा जास्त वेळ टेकली. बाबा समोर कठड्याला धरून उभे होते.

"अहो, इथे शेजारी अजून एक लावा."

"कशाला? एक पुरतीय की."

"तुम्ही असे उभे असलात की मला उठायची घाई होते."

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवर, तिच्या शेजारी, तेवढ्याच उंचीवर, दोन खुणा केल्या.