हाडं बसवणाऱ्यांचं घराणं

लातुरात आमच्या घराण्याचं नाव हाडांमुळे झालं. मोडलेलं हाड आज्जा नुसत्या बोटांनी ओळखायचा. पार बिदरपासून माणसं त्याच्याकडे यायची. त्याच्यामागे अण्णा, म्हणजे माझे वडील. दुखणेकऱ्याला बोलण्यात गुंतवून ते खटकन सांधा बसवायचे आणि मग स्वतःचाच घाम पुसायचे.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी औशाकडून जखमी येऊ लागले. सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी नववीत होते. अण्णांना बांबूच्या कामट्या आणि पट्ट्या देत होते. दुपारी एका बाईला बाजेवरून आणलं. भिंतीखाली सापडलेली. गुडघ्याखाली पाय मोडलेला, जखमेत माती.

"ताई, हे माझ्या हातचं न्हाई. दवाखान्यात जा," अण्णा म्हणाले.

"तितं पाय कापतेत. तुमच्या वडलांनी माझ्या बापाचा हात बसवला होता. तुमीच बांधा."

अण्णांनी दारातल्या गर्दीकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी जखम धुतली आणि पाय बांधला.

आठवड्याने तिचा भाऊ आला. पाय सडला होता, मांडीपासून कापावा लागला. तो भांडला नाही. "तुमी तर न्हाईच म्हनला होता," एवढंच बोलला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं अण्णा नंतर आईला म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी दारावरची पाटी उतरवली. पुढे कुणी आलं की उंबऱ्यावरूनच दवाखान्याचा रस्ता दाखवायचे.

आता घराण्यात शिकलेला डॉक्टर पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे मी. बारावीला लातुरातल्याच क्लासला घातलं. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते, परगावच्या पोरी आमच्या वरच्या खोल्यांत राहायला आल्या होत्या. माझे मार्क कमी पडले. दुसऱ्या वर्षी नांदेडला ठेवलं. तिथंही नंबर लागला नाही. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." त्या बाईचा पाय पाहिल्यापासून मला जखमेकडे बघवत नव्हतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

लग्न होऊन मी नांदेडलाच राहिले. एके दिवशी आईचा फोन आला, अण्णा न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी पोचले तेव्हा दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर तरुण डॉक्टरला कौतुकानं सांगत होता, "साहेब, हाडाचे मोठे जाणकार हायत हे. ह्यांचं घराणं—"

"ते आमचे वडील," अण्णा मान फिरवून म्हणाले. "मी न्हाई."

ऑपरेशन चांगलं झालं. अण्णा त्यानंतर चार महिने होते, पण पुन्हा चालले नाहीत.