उचलून पाहिलेला अॅम्प

अॅम्प्लिफायर घ्यायचा झाला की साउंडवाला धडाम आधी तो उचलून बघायचा. गुबगुबीत पोर कडेवर घ्यावं तसा कवेत धरायचा, दोनदा वर-खाली करायचा आणि मग मान हलवायचा. जड अॅम्प म्हणजे आत दणकट ट्रान्सफॉर्मर, आणि दणकट ट्रान्सफॉर्मर म्हणजे सबवूफरला, त्या धमक देणाऱ्या मोठ्या स्पीकरला, लागणारा दम, हा त्याचा हिशेब. कार्यक्रमांना साउंड पुरवण्याच्या धंद्यात या हिशेबाने त्याला वर्षानुवर्षं दगा दिला नाही. दगा दिला तो कमरेने.

पण मागच्या कार्यक्रमात दोन सबवूफर जळाले. आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर धडाम स्वतः बसला होता. जळकट वास आला तेव्हा तो आधी हॉलच्या वायरमनवर खेकसला, मग स्पीकर नकली म्हणून त्याने तो बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. धाकटा भाऊ तेवढं म्हणाला, "दादा, अॅम्प कमी पडला. नवा दोघं मिळून निवडू." त्या 'दोघं मिळून'मध्ये काय दडलंय, ते धडामला कळत होतं. मिक्सरची खुर्ची आजवर त्याची एकट्याची होती.

दुकानदाराने मागच्या खोलीत दोन अॅम्प मांडून ठेवले होते. भिंतींना फोम, जमिनीवर वायरींचा गुंता, कोपऱ्यात धडामचाच एक सबवूफर. पहिला अॅम्प उचलताना धडाम कण्हला आणि खूश झाला. दुसरा एका हातात आला.

"हे काय, रिकामा डबा विकतोस का?"

"आतलं तंत्र बदललंय, धडामशेठ. ट्रान्सफॉर्मर आता चिमुकला असतो. ताकद याच्यातच जास्त आहे."

"म्हणजे मी एवढी वर्षं उगाच हमाली केली म्हण!"

धाकटा हसला नाही. "स्पीकर सलग जेवढे वॅट झेलतो, त्याच्या दीडपट तरी अॅम्प हवा, दादा. कमी ताकदीचा लावला की तो धापा टाकतो. आवाज फाटतो आणि कॉइल जळते."

"मला शिकवतोस? लाव तो जड."

जड अॅम्प लागला. धडामने सबवूफरच्या खोक्यावर तळवा ठेवला. "वाढव. अजून. घाबरतोस काय, वाढव!" छातीत धमक बसली तसे त्याने डोळे मिटले. "वा! कसा गोल वाजतोय बघा. एकदम स्वच्छ."

डोळे उघडले तेव्हा दुकानदाराने एक कान बोटाने बंद केला होता. आवाज फाटल्याचा इशारा देणारा अॅम्पवरचा लाल दिवा नुसता लुकलुकत नव्हता, जळतच होता. धाकटा मात्र दिव्याकडे नाही, धडामकडे बघत होता.

"दादा, फाटतोय."

"कुठे फाटतोय?"

धाकट्याने वायर काढून हलक्या अॅम्पला जोडली. तेच गाणं, तेवढाच आवाज. "आता?"

धडामने मान तिरकी करून ऐकलं. काहीतरी वेगळं म्हणायला हवं, एवढं त्याला समजत होतं. पण वेगळं काय, ते सापडेना. "तेच तर आहे की," तो म्हणाला.

दुकानदाराला अचानक टेबल पुसायची आठवण झाली. धमक छातीत नीट पोचत होती. पण धमकेच्या वर जे काही असतं, खरखर, चिरकणं, फाटणं, ते आता आपल्यापर्यंत येतच नाही, हे धडामला त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं. परवाचे सबवूफर नकली नव्हते; ते फाटत असताना मिक्सरवर बसलेल्या त्यालाच ऐकू आलं नव्हतं.

"हलका बांध," तो दुकानदाराला म्हणाला.

टेम्पो धाकटाच चालवत होता. त्याने समोर बघत विचारलं, "पुढच्या कार्यक्रमाला मिक्सरवर मी बसू?"

"त्यात विचारायचं काय? बस की. माझी पाठ तेवढीच टेकेल."

"तसं नाही रे दादा..."

"रस्त्याकडे बघ."

घरी दार बायकोने उघडलं. "घेतला का?"

"घेतला. त्याने निवडला. आता बसेलही तोच."

"बरं झालं," ती म्हणाली. ती हातभर अंतरावर उभी होती, तरी तिच्या गळ्याची शीर ताणली होती. मागे स्वयंपाकघरातून लेकीने "बाबा, चहा?" विचारलं, तेही अगदी पलीकडच्या गल्लीत हाक मारावी तसं. घरातले सगळे आपल्याशी ओरडून बोलतात, आणि तेही राग नसताना, हे धडामच्या आत्ता लक्षात आलं. केव्हापासून, ते विचारायचा त्याला धीर झाला नाही.