दोन ते तीनचा तास

एका कागदावर सह्या करायला बारा पास्टर दोन वर्षं भांडले. बाप्तिस्मा पाण्यात पूर्ण बुडवूनच द्यायचा, यावर एकमत झालं. बायांनी उपासनेत डोक्यावर पदर घ्यायचा, यावरही झालं. कीबोर्ड वाजवावा की नाही, यावर मात्र लातूर आणि निलंग्याची तोंडं आजही दोन दिशांना आहेत. तरी कागद झाला आणि नांदेड-लातूरकडच्या बारा छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांची ‘संगती’ उभी राहिली. एकमेकांची माणसं पळवायची नाहीत, अडीनडीला धावायचं, असं ठरलं. मग तो कागद कपाटात गेला आणि संगती चालवली ती बारा बायकांनी, दर शुक्रवारी, फोनवर.

या फोनवरच्या प्रार्थनेला साखळी म्हणत. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, प्रत्येक मंडळीचा एक तास. आपल्या तासाला गुडघे टेकून त्या दिवशीचा प्रार्थनेचा विषय देवापुढे मांडायचा, आणि तास भरला की पुढच्या बाईला फोन करून सांगायचं, “माझा तास झाला, आता तुमचा.” नांदेडच्या पंचफुलाचा तास दोन ते तीन. तिच्यानंतर उदगीरची शरणम्मा.

पंचफुला विष्णुपुरीला कॉलेजच्या पोरांच्या एका खानावळीत पोळ्या लाटायची. पहाटे चारला उठायचं, दीडला घरी यायचं, आणि साडेचारला रात्रीच्या जेवणासाठी पुन्हा पोळपाटापुढे. मधल्या वेळात घरचं धुणं, नातवंडांची भांडणं आणि नवऱ्याचा चहा. पन्नाशी उलटली होती, मनगटं सुजलेली असायची. पाच वर्षांपूर्वी तिनं हा तास मागून घेतला, तेव्हा ती मनापासून प्रार्थना करायची, पदर भिजेपर्यंत करायची. ते काही खोटं नव्हतं.

पण आठ महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी मिटलेले डोळे मिटलेलेच राहिले. आणि काय सांगावी ती झोप! बाई प्रार्थनेला बसली की दार लोटलेलं, घरात चिडीचूप. मिठासाठीसुद्धा तिला हाक मारणारा नवरा, ज्ञानोबा, त्या तासाला टीव्हीचा आवाज बारीक करायचा. अख्ख्या आठवड्यात तिच्या मालकीचा तेवढाच एक तास. पुढच्या शुक्रवारी पुन्हा डोळा लागला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिनं मोबाइलवर दोन पंचावन्नचा गजर लावला, आणि पाप झालं ते तिथं. झोप लागणं वेगळं आणि गजर लावून झोपणं वेगळं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तास सोडते म्हणून ती आपल्या मंडळीच्या पास्टर दयानंदांना सांगू शकली असती. पण मग शुक्रवारचे दोन ते तीनसुद्धा धुण्यात गेले असते. म्हणून ती दर आठवड्याला तीनच्या ठोक्याला शरणम्माला फोन करायची आणि ते एक वाक्य बोलायची. खोटं बोलायची. मला तिचा राग करावासा वाटतो, पण तिची मनगटं आठवली की जमत नाही.

या शुक्रवारी सकाळी व्हॉट्सॲपवर विषय आला: उदगीरच्या शरणम्माताईंच्या लेकीचं, दिपालीचं, पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आज लातूरला, सर्वांनी प्रार्थनेचं ओझं घ्यावं. वर्षातून एकदा संगतीच्या मेळाव्यात भेटणारी, शेंगदाण्याची चटणी बांधून आणणारी ही शरणम्मा. आज झोपायचं नाही, पंचफुलानं ठरवलं. तोंडावर गार पाणी मारलं, गजर लावलाच नाही, आणि दोनला गुडघे टेकले. दिपालीचं नाव दोनदा घेतलेलं तिला आठवतं, पुढचं नाही.

जाग आली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं शरणम्माला फोन लावला. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं, ते तिनं तिथंच सोडलं.

“अक्का, मी झोपले हुते,” ती म्हणाली. “आजच न्हाई. आठ महिने झाले, मी झोपूनच राहिले.”

पलीकडून दवाखान्याचा गलबला ऐकू येत होता. शरणम्मा दमलेल्या आवाजात म्हणाली, “मला ठाव हाय. तुज्या आवाजात झोप असती. एकदा तर मला म्हणालीस, गॅस बंद कर.”

“मग बोलला का न्हाई? पास्टरला तरी सांगायचं.”

“काय सांगायचं? बाई दमली हाय, एवढंच ना? मी दोनालाच बसाय लागले. तुजा तास मी धरायची आन् मग माजा.”

पंचफुलाच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे साखळी तुटली नव्हती. आठ महिने कुणाचंच नाव देवापुढून गळालं नव्हतं. तिला रडू आलं, पण ते बरं वाटण्याचं रडू होतं.

“आज तेवढं जमलं न्हाई,” शरणम्मा पुढं म्हणाली. “इथं सही करा, तिथं रगत आणा, नुसती पळापळ. अडीचला आत नेलं पोरीला. मनात म्हटलं, आज माज्या लेकराचा विषय हाय. आज तरी पंचफुला जागी असंल.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर सोसलं असतं. पंचफुलाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

“भाईर आणली का तिला?” तिनं कसंबसं विचारलं.

“न्हाई अजून.”

“मग आत्ता मी बसते. तुमचा तास मी धरते, अक्का. कामाला जाईपोत्तर बसते.”

शरणम्मानं सुस्कारा टाकला.

“बसू नगंस गं,” ती म्हणाली. “उभी ऱ्हा. बसलीस की झोपशील.”