चार बोटांचा फरक

उजव्या हाताचा अंगठा आत दुमडायचा, चार बोटं जुळवून समोरच्याच्या नाकापुढे आडवी धरायची आणि म्हणायचं, "एवढाच फरक आहे, पण गाडी घसरते." कुठल्याही वादातला हा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअरसाहेबांचा शेवटचा शब्द. मायक्रोवेव्हमध्ये आधी कुणाचा डबा, या वादातसुद्धा.

नागपूरला रेल्वेडब्यांच्या चाकांचं काम करून ते डब्लिनला आले होते. ग्रँड कॅनाल डॉकच्या आमच्या छोट्या सल्लागार कंपनीत माझ्या शेजारी बसायचे. आयर्लंडचे रूळ रुंद, आपलेही रुंद, दोन्हींना ब्रॉडगेजच म्हणतात. पण आपले चार बोटं जास्त रुंद. हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. खिडकीबाहेरून डार्ट, म्हणजे इथली लोकल, गेली की बोलता बोलता थांबायचे, ती गेली की तेच वाक्य पुढे सुरू. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. आपण त्याला वैतागतो आणि तो रजेवर असला की करमत नाही.

आमचं काम एका कायद्याचं होतं. सीमेपार जाणाऱ्या प्रवासी गाड्यांवर एकाच कंपनीचा हक्क नको, अटी पाळणाऱ्या कुणालाही रूळ वापरू द्या, असा तो कायदा. बेलफास्टच्या काही गुंतवणूकदारांना डब्लिन-बेलफास्ट मार्गावर स्वतःची गाडी सुरू करायची होती आणि ती कशी करता येईल हे आम्ही सांगणार होतो. त्यात सीमेपलीकडचं बेलफास्ट ब्रिटनचं, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलेलं, म्हणजे नियमही दोन. हा सगळा गुंता त्यांनी एकट्याने सोडवला. मॅनेजर मुंबईचा, आपलाच मराठी माणूस. म्हणाला, "बेलफास्टला तूच मांडायचं. तुझं बाळ आहे यार."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवा पांढरा शर्ट आणून ऑफिसच्या किचनमधल्या कपाटात टांगला. कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात आणि नागपुरात इस्त्रीला. "शर्ट प्रेसमध्ये आहे, म्हणजे प्रेस झालेलाच आहे," या विनोदावर ते दर वेळी स्वतःच हसायचे. चहा करताना कपाट उघडून कॉलर नीट करायचे. एवढ्या मोठ्या माणसाला त्या दिवसाची अशी वाट पाहताना बघून मला बरं वाटायचं.

भारतीय पासपोर्टवर बेलफास्टला जायचं तर ब्रिटिश व्हिसा लागतो. त्यासाठी कंपनीचं पत्र हवं होतं. मॅनेजर रोज म्हणायचा, "देतो रे, होऊन जाईल." शेवटच्या आठवड्यात म्हणाला, "बॉर्डरवर कोण बघतंय? बस तसाच."

"गाडीत तपासतात सर. पकडलो तर इथलं परमिट जाईल. आणि कायदा सांगायला कायदा मोडून जाऊ का?"

"मग राहू दे. मीच मांडतो."

मॅनेजरकडे आयरिश पासपोर्ट होता. त्याने अहवालाच्या पहिल्या पानावरचं त्यांचं नाव काढलं, स्वतःचं टाकलं आणि वर एक अक्कल पाजळली. भारतातून स्वस्त डबे आणायचे! ते धावत गेले, चार बोटं दाखवू लागले. मॅनेजरने मानही वर केली नाही. "दोन्हीकडे ब्रॉडगेजच आहे ना? पकवू नकोस."

त्या दुपारी ते कपाटाशी उभे राहून शर्टाची बाही सरळ करत होते. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. "काही बोलू नको तू," ते म्हणाले. "हा माणूस मला भर सभेत फोन करीन. पाहून घेशील तू."

बेलफास्टला मॅनेजरबरोबर मी गेले, माझा पासपोर्टही आयरिश झाला होता म्हणून. डब्यांचं चित्र पडद्यावर आलं आणि गुंतवणूकदारांपैकी एका वयस्क बाईंनी विचारलं, "हे डबे आमच्या रुळांवर बसतील ना?" मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर ठाऊक होतं. मी ग्लास उचलून सावकाश पाणी प्यायले. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यायले नव्हते.

मग त्याने फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "जरा सांग ना यांना, डबे बसतील ना?"

पलीकडून त्यांचा शांत, अदबीचा इंग्रजी आवाज आला. "सर, ती हाताने दाखवायची गोष्ट आहे. फोनवर दिसत नाही. मी येऊन दाखवली असती, पण व्हिसा नाही."

बाईंनी मॅनेजरला सोडून फोनलाच विचारलं, "हे काम नक्की कुणाचं?"

त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून.

काम गेलं. गुंतवणूकदारांची ती गाडी आजवर सुटलेली नाही. कंपनीचं नुकसान झालं, माझी बढती लांबली, आणि मला काडीचंही वाईट वाटलं नाही. परतीच्या गाडीत मी मॅनेजरसमोर बसून सँडविच चवीने खाल्लं.

व्हिसाच्या पत्रावर दुसऱ्याच दिवशी सही झाली. व्हिसा आला तोवर ते राजीनामा देऊन शॅनन गावातल्या एका कारखान्यात निघाले होते. जाण्याआधी एका शनिवारी तो शर्ट घालून एकटेच बेलफास्टला गेले. तिथून त्यांचा फोन आला.

"अगं, सीमा कुठे गेली समजलंच नाही. शेतं, गाई, पुन्हा शेतं. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. चार बोटंसुद्धा नाही ना ती!"

हसले. मागे स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येत होत्या. माझा मात्र मॅनेजरवरचा राग तेव्हा पुन्हा पेटला, तो अजून विझलेला नाही.

आता शेजारच्या टेबलावर कॉर्क शहरातला एक हसरा पोरगा बसतो. डार्ट गेली तरी तो बोलायचा थांबत नाही. परवा आम्ही चौघं खाली कॉफी घ्यायला गेलो होतो. गर्दी होती. मॅनेजरने काउंटरवरच्या मुलीला हात वर करून चार बोटं दाखवली आणि तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी नुसतं पाहत होते.

त्याने हात खिशात घातला आणि "फोर" असं ओरडून सांगितलं.