चुन्याखालची अक्षरं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला, कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. पप्पा म्हणाले, "अण्णा पेंटर गेले गं, सकाळी." त्यांच्या मागे माणसांचा आवाज येत होता. पप्पांनी चाचरतच विचारलं, "पाटी कोण लिहीन? लोक विचारू राहिले." मी पुस्तक जमा केलं आणि मालेगावची एसटी पकडली. रडायला एसटीतसुद्धा आलं नाही. आमचं गाव चांदवडपासून आत आहे. गावात कुणी वारलं की स्टँडच्या शेडमधल्या काळ्या पाटीवर त्याचं नाव आणि अंत्यविधीची वेळ लिहितात. माझ्या जन्माच्या आधीपासून ती पाटी अण्णा लिहायचे, आणि गेली तीन वर्षं मी गावात असले की मी. वाटेत मला एवढंच सुचत होतं, की आपल्याला अण्णांचं खरं नाव माहीत नाही.

अण्णा आमच्या नात्यातले नव्हते. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे, दुकानांच्या पाट्या करायचे. फ्लेक्स आल्यावर दुकानांचं काम गेलं, ट्रॉल्या राहिल्या. मी लहानपणी शाळा सुटली की त्यांच्या कामाच्या शेडसमोर उभी राहून त्यांचा हात बघायचे. बारावीनंतर मी मुंबईच्या एका कला महाविद्यालयासाठी प्रवेश परीक्षा दिली. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. यादी लागली तेव्हा पप्पांनी चांदवडच्या सायबर कॅफेत ती स्वतः बघितली, आणि परत येताना भेटेल त्याला सांगत आले, "पोरीचं नाव यादीत हाय!" मीही तेच समजले. परीक्षा दिलेल्या सगळ्यांची नावं त्या यादीत असतात, माझं नाव खूप खाली आहे आणि प्रवेश पुढे ठरतो, हे सांगणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्टँडच्या भिंतीवर पिवळ्या अक्षरांत, लाल सावली देऊन, माझं नाव होतं. 'चित्रकलेच्या शिक्षणासाठी मुंबईला निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक एकच, अण्णा पेंटर. पप्पा म्हणाले, फ्लेक्स लावला असता की. अण्णा म्हणाले, "फ्लेक्स वाऱ्यानं फाटतं. हे ऑइलपेंट हाय, हिची पोरं वाचतील."

प्रवेशाच्या फेऱ्या एकेक करून संपल्या. कुठल्याच यादीत मी नव्हते. मी स्टँडवरून जाणं सोडलं, मळ्यातल्या वाटेने फिरून जायचे. तरी एकदा एका पोराने विचारलंच, "काय गं, मुंबईची गाडी चुकली का?" घरी कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रंगांची पेटी कपाटावर टाकून दिली. एक दिवस अण्णा अंगणात येऊन उभे राहिले. "लिहिलं मी, चूक माझी. पण नाव तुझं हाय. पुसायला तूच पाहिजे." मला त्यांनी आपल्या शेडवर नेलं आणि आत चुना आणायला पाठवलं. चुन्याच्या गोणीशेजारी प्राइमरचा डबा होता. मी आतून ओरडले, "अण्णा, प्राइमर पण आहे इथे!" ते म्हणाले, "तो राहू दे. चुना आण." तेव्हा मला दोन्हींतला फरक माहीत नव्हता. मी चुन्याचे दोन हात दिले. भिंत पांढरी झाली. माझं नाव जाताना मला जरा हलकंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

मग शेडच्या बाकावर बसून ते म्हणाले, "त्यांनी नाय म्हटलं. का नाय म्हटलं, ते सांगितलं का?"

"नाही."

"मग ते कागदं आण. म्या सांगतो."

मी घरून चित्रं आणली. बाजार, आजोबा, शेळ्या... अण्णांनी एकेक कागद खूप वेळ धरला. मला वाटलं होतं, छान आहेत म्हणतील, सगळे तेच म्हणायचे. ते म्हणाले, "हात चांगला हाय. पण तू चित्रावरून लय लवकर उठते. ह्या म्हाताऱ्याचं तोंड केलं, पाय आले तवा तुला भूक लागली." मला राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की आजोबांचे पाय काढताना आई खरंच जेवायला हाक मारत होती.

ते वर्ष मी त्यांच्याबरोबर काम केलं. ट्रॉलीच्या फळ्या घासल्या, रेघा मारल्या, आणि पाटी लिहायला शिकले. पाटी लिहिण्याआधी अण्णा गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारायचे, "घरात हाक काय मारायचे?" मोठं नाव लिहून झालं की खाली बारीक अक्षरांत ते हाकेचं नाव लिहायचे. मी घाई केली की म्हणायचे, "बस गं निवांत. माणूस एकदाच मरतो." पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा नंबर लागला नाही. या वेळी आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते ब्रश धूत होते. "बरं," म्हणाले. "उद्या पिंपळगावची ट्रॉली हाय. सकाळी ये." त्या पावसाळ्यात भिंतीवरचा चुना पोपडे धरून गळायला लागला, आणि माझ्या नावाची पिवळी अक्षरं खालून वर आली. मी पुन्हा चुना दिला. ती पुन्हा आली. नंतर शाळेची भिंत रंगवताना अण्णा सहज म्हणाले, "ऑइलपेंटवर चुना धरत नाय, आधी घासून प्राइमर मारावा लागतो." माझा हात थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते डब्यातला रंग ढवळत होते, मान वर केली नाही. विचारावंसं वाटलं... विचारलं नाही. आता ते राहूनच गेलं.

मी नाशिकला बीएला प्रवेश घेतला. सुट्टीत गेले की अण्णा आधी मुंबईच्या परीक्षेचं विचारायचे, "फॉर्म कधी निघू राहिले?" दिवाळीत भेटलो ती शेवटची भेट. त्यांना धाप लागत होती, ट्रॉलीजवळ खुर्ची टाकून बसूनच लिहीत होते. मी म्हटलं, "अण्णा, मला कंटाळा आला आता. नाही भरत." ते हसले, खोकले. "मलाबी येतो. चाळीस वर्षं 'आईचा आशीर्वाद' लिहितोय. आई काय बदलत नाय." मग रंगाने माखलेलं फडकं माझ्याकडे टाकून, ओघळलेल्या अक्षराकडे बोट दाखवत म्हणाले, "पूस तेवढं."

अण्णा गेले त्या दिवशी एसटीतून उतरून मी सरळ त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला, काकूंना विचारलं, अण्णांचं नाव काय? त्या सावकाश म्हणाल्या, "नामदेव." नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांना सवय नव्हती. मग मी विचारलं, "आणि घरात हाक?" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "म्या कुठं हाक मारायची बाई... त्यांची आई नामा म्हणायची." मी स्टँडवर जाऊन पाटी लिहायला बसले. मोठं नाव, वेळ, आणि खाली बारीक 'नामा'. लोक मागे उभे होते, कुणी म्हणालं, "आटप पोरी, उशीर होतोय." मी नाही आटपलं. रडू आलं ते शेवटचं अक्षर लिहून झाल्यावर.

या गोष्टीला दीड महिना झाला. फॉर्म मी भरला आहे. होईल असं वाटतं म्हणून नाही, खरं तर तसं वाटत नाही. पण आजोबांचं चित्र नव्याने काढलं, या वेळी पायांसकट, आणि ते कुठेतरी पाठवावंसं वाटलं. मागच्या रविवारी सरपंच भेटले. भिंतीवर ग्रामपंचायतीची सूचना लिहायची आहे, म्हणाले, तुझं जुनं नाव आता फार दिसतंय, ते कायमचं घालव. काकूंनी शेडची किल्ली माझ्याकडे दिली आहे. प्राइमरचा डबा अजून तिथेच आहे, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. मी सरपंचांना म्हटलं, निकाल लागू द्या काका... तोपर्यंत चुना मारते.