निम्मंच ऐकू आलेलं भाषण

आपल्या राजकीय कारकिर्दीबद्दल कुणी विचारलं की भोंग्या सांगतो, "एका भाषणाएवढी होती, आणि त्यातलंही निम्मंच लोकांना ऐकू आलं." आता तो विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो, डबा खाल्ल्यावर हळूच डुलकी काढतो आणि मतदानाच्या रांगेत मुकाट उभा राहतो. पण कॉलेजात असताना हा गृहस्थ जग बदलायला निघाला होता. जगाला आपली गरज आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. जगाला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

भोंग्या हे नाव त्याला भाषणांवरून पडलं असं लोकांना वाटतं. तसं नाही. त्याचे वडील माईकवाले. घराच्या पुढच्या खोलीत कर्णे, स्पीकरचे खोके आणि वायरींची भेंडोळी. पाहुणा आला की आधी एखादा कर्णा उचलून बाजूला ठेवायचा आणि मग त्याला 'बसा' म्हणायचं. लग्न असो, शाळेचं संमेलन असो, नाहीतर कुठल्याही पक्षाची सभा, वडील सगळीकडे माईक द्यायचे आणि मशीनजवळ खुर्ची टाकून बसायचे. उभ्या जन्मात त्यांनी इतकी भाषणं ऐकली, पण राजकीय मत एकच बनवलं. बोलणाऱ्याने माईक तोंडापासून चार बोटं लांब धरावा. हे मत त्यांच्या चिरंजीवांना फार मागासलेलं वाटे.

कॉलेजात पाऊल टाकल्या टाकल्या चिरंजीव विद्यार्थी मंडळात शिरले. मंडळ भरायचं जिन्याखालच्या खोलीत, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून, त्यामुळे प्रत्येक क्रांतिकारी विचाराला थोडा सडक्या अंड्यांचा वास यायचा. दर आठवड्याला अभ्यासवर्ग. दूरच्या कुठल्यातरी देशात युद्ध पेटलं होतं, त्याचा निषेध करायचा ठरला. निषेध 'तीव्र' असावा की 'जाहीर', यावरून मंडळात दोन गट पडले आणि महिनाभर एकमेकांकडे पाहीनात. तोवर ते युद्ध थांबलं. भित्तिपत्रकही निघायचं. ते वाचायला फक्त लिहिणारेच यायचे, आपलं नाव नीट छापलंय ना ते बघायला.

मतं मात्र चांगली होती, असं भोंग्या आजही म्हणतो. गरिबाच्या मुलाला शिक्षण फुकट मिळावं, कॉलेजच्या कारभारात विद्यार्थ्यांचं ऐकलं जावं, सफाई कामगारांना कंत्राटावर न राबवता कायम करावं. मतांचा काही दोष नव्हता, दोष होता तो ती मांडणाऱ्यांचा. खोली झाडायला येणारी बाई बाहेर झाडू घेऊन ताटकळत उभी राही, आणि आत तिच्या हक्कांवरची चर्चा काही केल्या आटपत नसे.

मंडळाची अध्यक्ष होती एक मुलगी. प्रत्येक वाक्य 'मुद्दा असा आहे की' म्हणून सुरू करायची, म्हणून तिचं नावच 'मुद्दा' पडलं होतं. बुद्धीने तल्लख, बोलायला फटकळ, आणि जे बोलायची त्यावर तिचा मनापासून विश्वास. भोंग्या तिला टरकून असायचा आणि तिच्यावर फिदाही होता. या दोन गोष्टी त्याला तेव्हा वेगळ्या ओळखता येत नव्हत्या.

विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक आली तेव्हा तिनेच त्याचं नाव सुचवलं. "मुद्दा असा आहे की आपण कष्टकऱ्यांविषयी बोलतो, आणि आपल्यातल्या निम्म्यांचे वडील डॉक्टर आहेत. हा एकटाच खराखुरा कष्टकऱ्याचा मुलगा आहे."

आपण कष्टकरी वर्गातले आहोत हा शोध भोंग्याला त्या क्षणी लागला. छाती फुगवून तो घरी आला आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, तुम्ही कष्टकरी आहात."

"बरं," वडील म्हणाले. "तो खोका जरा पलीकडे सरकव."

प्रतिस्पर्धी होता क्रिकेट टीमचा कॅप्टन. त्याच्या लोकांना कसलीच मतं नव्हती, फक्त मित्र भरपूर होते. कॉलेजने दोन सभा ठेवल्या, एक लगेच आणि एक मतदानाच्या आधी. दोन्हीकडे दोघांनीही बोलायचं. माईकचं काम अर्थातच वडिलांकडे.

पहिल्या सभेसाठी मुद्दाने भोंग्याची कसून तयारी करून घेतली. भाषण रंगात आलं की माईक स्टँडवरून उपसायचा आणि मुठीत आवळायचा, म्हणजे निर्धार दिसतो. भोंग्याने आरशासमोर लाटणं घेऊन सराव केला. आईला वाटलं, पोळ्या शिकतोय. तिला बरं वाटलं.

सभेच्या दिवशी पटांगण भरलेलं होतं. भोंग्याचं भाषण चांगलं चाललं होतं, म्हणजे कुणी उठून गेलं नव्हतं. शेवटाकडे त्याने माईक उपसला, मूठ आवळली आणि गर्जना केली, "आमचा आवाज बंद करणारा अजून जन्मायचा आहे!"

त्याच क्षणी आवाज बंद झाला. तो बंद करणारा जन्मला होता, आणि तोच बोलत होता.

बाजूला वडील ताडकन उठले. मशीनची बटणं फिरवू लागले, वायरी हलवू लागले. भोंग्या थोडा वेळ नुसतंच तोंड हलवत राहिला. मग त्याने खाली पाहिलं. त्याचा अंगठा माईकच्या दांड्यावरच्या बटणावर होता. निर्धाराच्या भरात त्याने स्वतःच ते बंद केलं होतं.

तो काही करणार इतक्यात मुद्दा खुर्चीवर चढली. "बघा! आपल्या माणसाचं तोंड बंद केलं! यांना आपली भीती वाटते!"

मागे पेंगणारी मुलं खडबडून जागी झाली. घोषणा सुरू झाल्या. ज्यांनी भोंग्याला कधी वहीसुद्धा दिली नव्हती त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसल्या बसल्याच त्याने अंगठ्याने बटण हळूच परत सरकवलं. आवाज आला आणि वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला. अशा वेळी 'थांबा मंडळी, चूक माझ्या अंगठ्याची आहे' असं म्हणायला छातीत दम लागतो. भोंग्याचा सगळा दम गर्जनेत संपला होता.

दुसऱ्या दिवशी भित्तिपत्रकासमोर झुंबड उडाली. मथळा होता, 'विकलेला माईक'. कॅप्टनच्या लोकांनी माईकवाल्याला फोडलं आणि या व्यवस्थेने बापाला मुलाविरुद्ध उभं केलं, असा मजकूर होता. भोंग्याने मुद्दाला जिन्याखाली गाठून खरं काय ते सांगून टाकलं.

"मुद्दा असा आहे की," ती म्हणाली, "बटण कुणी बंद केलं हा तपशील झाला. आपलं कुणी ऐकत नाही हे तर खरं आहे ना? आज पहिल्यांदा ऐकतायत. तू निवडून आलास तर ती झाडणारी बाई कायम होईल. हे तुला नकोय?"

लाजिरवाणी गोष्ट अशी की ते भोंग्याला पटलं. घरी जाईपर्यंत तर फारच पटलं.

घरी जेवणाच्या टेबलावर मशीन उघडं पडलं होतं. वडील चष्मा कपाळावर चढवून एकेका जोडाला नव्याने कथलाचा डाग देत होते. शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन गेल्या होत्या. भित्तिपत्रकाची गोष्ट त्यांच्याही कानावर गेली होती. यंदा संमेलनाला दुसरा माईक सांगितलाय, असं त्या अवघडून म्हणाल्या. पण वडिलांना त्या आरोपाचं काहीच वाटत नव्हतं, डोक्यात भलतंच होतं.

"मशीनमध्ये काही सापडत नाही," ते म्हणाले. "म्हणजे माझे कानच गेले. वायर सुटायच्या आधी करकरते, लगेच कळतं. काल मला काही ऐकूच आलं नाही."

"बाबा, तसं नसेल..."

"मग काय असेल? एवढी वर्षं कुणाचं भाषण पडलं नाही माझ्या माईकमुळे, आणि पडलं ते तुझं. चांगलं चाललं होतं रे."

आई भोंग्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "दुसऱ्या सभेनंतर सामान देऊन टाकणार म्हणतायत. एका माणसाला बघायलाही बोलावलंय. जेवलेले नाहीत. तू तरी सांग काहीतरी."

भोंग्याला एक मधला मार्ग सुचला. बाबांना घरातल्या घरात खरं सांगायचं आणि मिळणारी मतं तशीच ठेवायची. हा मार्ग त्याला इतका आवडला की आपण राजकारणात फार पुढे जाऊ असं त्याला वाटलं. पण मुख्याध्यापिकांच्या कानावर गेलं होतं ते भिंतीवरचं. बाबांची लाज चारचौघांत गेली होती, घरात कुजबुजून ती परत येणार नव्हती. शिवाय त्या उघड्या मशीनकडे बघून त्याला स्वतःची शिसारी आली. ज्या कष्टकऱ्यासाठी तो गळा काढत होता, तो समोर उपाशी बसला होता.

दुसऱ्या सभेच्या दिवशी वडिलांच्या दोन्ही बाजूंना एकेक मुलगा बसवला होता, एक मंडळाचा आणि एक कॅप्टनचा. त्यांच्या हातांवर लक्ष ठेवायला. वडील मान खाली घालून बसले होते. या माणसाच्या हातांवर आजवर कुणी पहारा ठेवला नव्हता.

भोंग्याचं नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या त्याला त्याआधी मिळाल्या नव्हत्या, पुढेही मिळाल्या नाहीत. त्याने माईक हातात घेतला.

"त्या दिवशी माईक कुणी बंद पाडला नाही," तो म्हणाला. "मीच बंद केला. चुकून. या अंगठ्याने."

पटांगण शांत झालं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "दबाव! याच्यावर दबाव आणलाय!" घोषणा परत सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. मुद्दाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशामुळे, हे भोंग्याला आजतागायत कळलेलं नाही.

"अरे, दबाव नाही, अंगठा!" भोंग्या कळवळून ओरडला. कुणी ऐकेना. तेव्हा त्याने माईक उंच धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि बटण बंद केलं. तोंड हलवून दाखवलं. चालू केलं. "आता येतंय ऐकू?" परत बंद, परत चालू. "आता?" एक मुलगी फिस्सकन हसली. मग एक रांग हसली, मग सगळं पटांगण. कॅप्टन तर पोट धरून खालीच बसला. भोंग्याचे कान लाल झाले, पण अंगठा थांबला नाही.

"आणि ते तिथे बसलेत ना," तो म्हणाला, "ते माझे वडील. त्यांनी कुणाचा पैसा घेतला नाही, आणि त्यांचे कान अजून आपल्या सगळ्यांपेक्षा चांगले आहेत."

पहाऱ्यावरची दोन्ही पोरं उठून गेली.

निवडणुकीचा निकाल सांगण्यात अर्थ नाही. भोंग्याची मतं मोजणारा लवकर घरी गेला. मुद्दाने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि मंडळाने त्याला काढून टाकण्याचा ठराव एकमताने केला, हा त्यांचा पहिला एकमताचा ठराव.

सभा संपल्यावर भोंग्या वडिलांबरोबर वायरी गुंडाळायला थांबला. ते आता रागावतील की जवळ घेतील, या दोन्हींची त्याने तयारी ठेवली होती. वडील स्पीकर खोक्यात भरत राहिले. मुख्याध्यापिकांकडे जाऊन खरं सांगून येतो, असं भोंग्या म्हणाला. ते "हं" म्हणाले.

शेवटचा कर्णा उतरवून ते म्हणाले, "म्हणजे कान ठीक आहेत माझे."

"हो बाबा."

"मग त्या माणसाला नको म्हणून कळवतो." त्यांनी माईक हातात घेतला, बटणावरून अंगठा फिरवला. "याच्यावर चिकटपट्टी लावतो मी. नेहमी. नवरदेव असो, शाळेतली पोरं असोत, नाहीतर मंत्री. नवखा माणूस माईक हातात आला की हमखास बटण दाबतो. त्या दिवशी लावली नव्हती."

"का?"

"म्हटलं, घरातलाच आहे. याला माहीत असेल."

निवडणूक हरल्याचं भोंग्याला कधी फारसं वाटलं नाही. हे मात्र त्याला फार लागलं. त्याने वायरीचं दुसरं टोक उचललं आणि वडिलांच्या मागोमाग ती गुंडाळत गेला.