नजरेनं दाखवलेली पाटी

हे मी घरात बोलले नाही. केंद्रात तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे, तेही अडखळत — कुठून सुरू करावं, हेच कळत नाही.

खामगावात विशेष मुलांच्या एका केंद्रात मी शिकवते. मूल आधी काय करू शकत होतं आणि आता काय करू लागलं, हे मोजणं माझं काम. कावेरी आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. स्वमग्न; बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दाचं. तिच्या आई, सुमनताई, संग्रामपूर रस्त्यावरच्या खेड्यातून तिला एसटीनं घेऊन यायच्या. शेतातली कामं टाकून, केंद्र सुटेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहायच्या.

कावेरीला आम्ही गाडीची पाटी ओळखायला शिकवत होतो. चाचणीत मलकापूर, शेगाव, संग्रामपूर अशा पाट्या समोर मांडायच्या आणि विचारायचं — तुझी गाडी कोणती? वर्षभर जमलं नाही. मग एकदम जमायला लागलं.

जमायला लागलं — असं मी सगळ्यांना सांगितलं. पण ती पाट्यांकडे बघतच नव्हती. माझ्या डोळ्यांकडे बघायची. माझी नजर ज्या पाटीवर, तिचं बोट त्या पाटीवर. आधी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. नंतर आलं. मग नजर खाली घालायला किती वेळ लागतो? नाही घातली. बाहेर बसलेल्या बाईला पुन्हा 'काही फरक नाही' सांगणं जिवावर आलं होतं. आणि खरं सांगू? कौतुक मलाही हवं होतं.

"आता एकटीनं येनं जमन तिले?" सुमनताईंनी विचारलं.

मी हो म्हणाले.

कावेरी केंद्रातून एकटी निघाली ती मलकापूरच्या गाडीत बसली. सापडली दुसऱ्या दिवशी, तिथल्या स्टेशनवर. पायात चपला नव्हत्या. कुणाला हात धरू देत नव्हती. मधल्या वेळात काय झालं — ते सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत. तेव्हापासून ती कुणाच्याच चेहऱ्याकडे बघत नाही.

पण कबूल करायचंय ते याच्याही पुढचं आहे.

मी त्यांच्या घरी गेले. कावेरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. सुमनताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, मीच घाई केली काय?"

तेव्हा सांगता आलं असतं. एवढंच — की तिला पाटी कधी वाचताच येत नव्हती. मी म्हणाले, "हो ताई, थोडी घाईच झाली."

त्यांनी मान हलवली. माझ्यासाठी चहा ठेवला. मी तो प्यायले.

कावेरी परत केंद्रात आली नाही. सुमनताई एकदा तिचे राहिलेले कपडे न्यायला आल्या. ओट्यावर नव्या मुलांच्या आया बसल्या होत्या. त्यांना त्या सांगत होत्या, "माह्यासारखी घाई नोका करू. मॅडम सांगतीन तसंच करजा."

मी दारात उभी राहून ते ऐकलं, आणि आत गेले.